लाल डब्यातून लेण्यांकडे

1934 साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते.  वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या माणसांनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि एकच ओरड झाली, अस्पृश्यांनी पाणी बाटवले! शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्याच आठवणींत 1901 सालचे मसूर स्टेशन आहे. जात कळताच एकही गाडीवान त्या लहान मुलांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण राजी झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

आम्ही हे सारे आज का सांगतो? प्रवास ही चैनीची गोष्ट आहे असे आमच्यातले पुष्कळजण मानतात म्हणून. ज्या समाजाला वाहन नाकारले गेले, पाणी नाकारले गेले, त्याच्यासाठी मोकळेपणाने फिरणे हा हक्काचा प्रश्न आहे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोहोचली. जात एसटीत चढलीच नाही असे आम्ही म्हणणार नाही; आडनाव विचारणारे शेजारी आजही भेटतात. पण तिकीट काढलेल्या माणसाला जातीवरून खाली उतरवण्याचा अधिकार कोणाला उरला नाही. मुक्कामी एसटीने आमची पोरे तालुक्याच्या शाळेत नेली, कार्यकर्ते सभेला नेले. हा लाल डबा आमच्या चळवळीचाही साथीदार आहे.

आता आमच्यातल्या काहींकडे मोटारी आल्या. आनंदच आहे! परंतु सहल म्हटली की गाडी हवीच, हा नवा समज समाजात रुजला, त्याचे काय? ज्याच्याकडे गाडी तो लेण्यांवर जातो. ज्याच्याकडे नाही तो वर्षानुवर्षे ‘पुढच्या वेळी’ ऐकतो. वस्तीतल्या कितीतरी आजीबाईंनी बुद्धवंदना रोज म्हटली, पण कार्ल्याचा चैत्य डोळ्यांनी पाहिला नाही.

वास्तविक आमची लेणी पायी चालणाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी उभी केली. बहुजनांच्या हितासाठी चारिका करणारे भिक्खू वर्षावासात जिथे थांबत, ती ही ठिकाणे. म्हणूनच ती घाटांच्या आणि व्यापारी वाटांच्या आधाराने आहेत. तिथे जायला आजही मोटार लागत नाही.

एकच उदाहरण घ्या. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. स्टेशनवरून द्रुतगती मार्ग ओलांडून चालत निघाले की भाजे गाव लागते. ज्या रस्त्यावर पायी माणसाला आणि दुचाकीला बंदी, त्याच्या डोक्यावरून आम्ही पायी जातो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे! गावातून पायऱ्या चढल्या की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली बावीस लेणी समोर येतात. तिथले चौदा स्तूप थेर भिक्खूंची स्मृती जपतात. पावसाळ्यात शेजारून धबधबा कोसळतो. पायांत बळ असेल त्यांनी गायमुख खिंडीतून लोहगड गाठावा. 2025 साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत आला. मळवलीच्या दुसऱ्या अंगाला कार्ले. तिथल्या चैत्यावर दानशूर व्यापाऱ्यांची नावे आहेत, तशीच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचीही नोंद आहे. दरवाजा त्याने केला. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी आहेत. हा वारसा राजांइतकाच कष्टकऱ्यांचा आहे, हे तिथे उभे राहून वाचले पाहिजे.

मुंबईकरांना बोरिवलीहून कान्हेरी जवळ. नाशिकला त्रिरश्मी लेणी शहराला लागून. त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणण्याची सवय आपल्याच तोंडातून आधी जायला हवी. आणि ज्या रस्त्यावर बाबासाहेबांना अडवले, त्याच रस्त्याने आज छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादवरून वेरूळला एसटी जाते. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मग माताभगिनींना मागे ठेवायचे कारण काय?

प्रत्येक विहाराने वर्षातून दोन रविवार तरी ठरवावेत. वेळापत्रक आधी पाहावे, कारण दुपारी लोकल विरळ असतात. माणसे जास्त असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर एसटी घ्यावी. भाकरी आणि पाणी बरोबर न्यावे. शिलालेख समजावून सांगणारा एकजण तयार करावा. भिंतीवर नाव कोरू नये, स्तूपावर चढून फोटो काढू नये. कर्णा घरी ठेवावा.

शिवाय एक लक्षात घ्या. आम्ही चढलो नाही तर ‘प्रवासी नाहीत’ म्हणून फेरी बंद होते. फेरी बंद झाली की त्या मार्गावरच्या मुलीची शाळा आधी सुटते, आमची सहल नंतर. तेव्हा आपल्या गावाची बंद झालेली फेरी मागण्यासाठी आगारप्रमुखांकडे निवेदन घेऊन जाणे हेही चळवळीचेच काम आहे.

बाबासाहेबांना पहाऱ्यात फिरावे लागले. आम्हाला साधे तिकीट काढून ताठ मानेने जाता येते. ते तिकीट काढण्याचा आळस आम्ही करू नये.

जयभीम!