टिकून राहणे म्हणजे निष्ठा नव्हे

सरकारी नोकर कामचुकार आणि खासगी नोकर तत्पर, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. एकाला नोकरी जाण्याचे भय नाही, दुसऱ्याला आहे, एवढाच त्याला आधार. परंतु भयाने माणूस वेळेवर कामावर येईल. कामात मन घालेलच असे नाही.

मेयर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या प्रश्नाची उपयुक्त फोड केली. माणूस संस्थेत राहतो तो आपलेपणामुळे, कर्तव्यभावनेमुळे, किंवा सोडणे परवडत नाही म्हणून. हजेरीपटावर तिघांचीही सही सारखीच दिसते. कामात मात्र फरक पडतो.

हा आपलेपणा केवळ सोयींनी येतो काय? जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली आला आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० साली. देशात या निधीचा कायदा होण्यास १९५२ साल उजाडले. तरीही तेथे १९२० आणि १९२८ साली मोठे संप झालेच. पुढे १९५६ च्या करारान्वये कामगार व व्यवस्थापन यांच्या संयुक्त सल्लामसलतीची व्यवस्था तेथे उभी राहिली. सोयी दिल्या तरी गाऱ्हाणे ऐकून घ्यावेच लागते, हा त्याचा बोध.

सार्वजनिक क्षेत्रातील भारत संचार निगमचे उदाहरण पाहा. २०१९ साली तेथे पगार लांबू लागले आणि वर्षअखेरच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी अर्ज केले. योजनेची रक्कम आकर्षक होती, हे खरे. पण सुरक्षित नोकरीला माणसे चिकटूनच राहतात, हा समज त्यामुळे निराधार ठरला.

तात्पर्य, मालकी कोणाची यापेक्षा वागणूक कशी, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. कारकुनाची सूचना साहेब ऐकून घेतात काय? बढती कोणत्या निकषावर मिळाली, हे सर्वांना कळते काय? चूक कबूल करणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा तर होत नाही ना? कार्यालयाचे वातावरण अशाच गोष्टींतून घडते, आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत आले. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. परंतु ज्याला कधी विचारलेच नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?