वाळवंटातील पावसाळा

जून महिना अखेरीस येतो, तेव्हा आपल्या कोकणात ओढेनाले दुथडी भरून वाहू लागलेले असतात. त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एक विस्तीर्ण प्रदेश उन्हाने होरपळत असतो. तो प्रदेश म्हणजे सोनोरा वाळवंट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांचे काही भाग आणि मेक्सिकोचा वायव्य भाग मिळून हे वाळवंट बनले आहे. जूनमध्ये येथील सखल भागात दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ओढ्यांची पात्रे कोरडी ठणठणीत पडतात. झुडपांची पाने गळून जातात. परंतु हे वाळवंट मृत झालेले नसते; ते पावसाची वाट पाहत असते.

हा पाऊस येतो तरी कोठून? उन्हाळ्याच्या आरंभी येथे मुख्यतः पश्चिमेकडून कोरडे वारे वाहतात. पुढे जमीन तापते, तिच्यावरील हवा विरळ होऊन वर चढते आणि तेथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच सुमारास आकाशात उंचावर असलेला जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि वाऱ्यांची दिशा बदलते. मग उष्ण कटिबंधातील सागरांवरून बाष्प घेऊन वारे या वाळवंटाकडे येऊ लागतात. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियाच्या आखाताचे पाणी उन्हाळ्यात सुमारे ३० अंशांपर्यंत तापते. तेथूनही दमट हवा जमिनीलगत उत्तरेकडे लोटली जाते. ऋतूप्रमाणे दिशा पालटणाऱ्या वाऱ्यांना मोसमी वारे म्हणतात. ‘मोसम’ हा शब्द मूळ अरबी भाषेतील असून त्याचा अर्थ ऋतू असा आहे. आपल्या पावसाचे आणि या दूरच्या वाळवंटातील पावसाचे नाव अशा रीतीने एकच आहे. मात्र आपल्याकडील झड तेथे लागत नाही. तेथील पाऊस बहुधा वादळी सरींनी येतो.

सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी डोंगरमाथे तापले, की त्यांवरील दमट हवा वेगाने वर चढते आणि पाहता पाहता दहा-बारा किलोमीटर उंचीचे काळे ढग उभे राहतात. कित्येकदा ढगांतून निघालेली सर जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच कोरड्या हवेत विरून जाते. ढगांतून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि धुळीची प्रचंड भिंत पुढे लोटते. अशा वादळास ‘हबूब’ म्हणतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्स शहरावर आलेल्या हबूबची उंची सुमारे दीड किलोमीटर होती. धुळीच्या मागोमाग विजा कडाडतात आणि टपोऱ्या थेंबांची सर कोसळते. तास-दीड तासात सारे शांत होते.

तेवढ्या सरीने वाळवंट जागे होते. येथे एका जातीचा बेडूक आहे. त्याच्या मागील पायांवर फावड्यासारखी कठीण धार असते. वर्षातील बहुतेक महिने तो जमिनीखाली स्वतःला पुरून घेऊन निश्चल पडून राहतो. मेघगर्जनेने व सरींच्या माऱ्याने जमीन हादरली, की तो वर येतो. त्याच रात्री डबक्यात अंडी घातली जातात. डबके आटण्यापूर्वी पिलांना बेडूक होऊन बाहेर पडावे लागते. कित्येकदा त्यांना त्यासाठी अवघे दहाएक दिवस मिळतात. ज्या डबक्याचे पाणी त्याआधी आटते, त्यातील पिले मरून जातात.

सावारो नावाचे उंच निवडुंगही याच पावसावर जगतात. त्यांच्या खोडाला उभ्या घड्या असतात. पाणी मिळताच पेटीच्या भात्याप्रमाणे त्या उलगडतात आणि खोड फुगते. सावारोची तांबडी फळे पावसाच्या अगदी तोंडावर पिकतात, म्हणजे बी जमिनीवर पडते न पडते तोच तिला ओल मिळते.

या वाळवंटात तोहोनो ओओधाम नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या नावाचा अर्थच ‘वाळवंटातील लोक’ असा आहे. सावारोची फळे काढण्याच्या हंगामात त्यांचे नवे वर्ष सुरू होते. त्यांच्या पूर्वजांनी शेतीची एक युक्ती शोधून काढली. ओढा डोंगरातून उतरून सपाटीवर जेथे पसरतो, तेथे ते शेत करीत. काट्याकुट्यांचे बांध घालून ते पुराचा वेग कमी करीत आणि ते पाणी शेतभर फिरवीत. जमीन भिजली, की लगेच पेरणी होई. थोड्या ओलीवर लवकर येणारा एक घेवडा ते लावीत. तो आजही पिकविला जातो.

परंतु शेत भिजविणारा तोच ओढा माणसाचा बळीही घेतो. पाऊस दूर डोंगरावर पडतो. ओढ्यातून चालणाऱ्याच्या डोक्यावर मात्र स्वच्छ ऊन असते. तापून कठीण झालेली जमीन पाणी लवकर शोषून घेत नाही, आणि कोरड्या पात्रातून पुराचा लोंढा अचानक येतो. वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याच्याही खाली असले, तरी माणसाचे पाय उखडतात. फूटभर पाण्यात मोटारही तरंगू लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस पॅसिफिक महासागरातील चक्रीवादळांचे बाष्प इकडे वळले, तर धोका आणखी वाढतो. सप्टेंबर १९७० मध्ये ‘नॉर्मा’ नावाच्या वादळाचे बाष्प ॲरिझोनात शिरले. तेथील डोंगराळ भागात एका ठिकाणी २४ तासांत सुमारे २९ सेंटिमीटर पाऊस झाला, आणि पुरात २३ माणसे मृत्युमुखी पडली.

शिवाय हा पाऊस मोठा लहरी आहे. ट्यूसॉन शहरात २०२० च्या पावसाळ्यात जेमतेम ४ सेंटिमीटर पाऊस पडला; पुढच्याच वर्षी तो ३२ सेंटिमीटरांहून अधिक झाला. म्हणून तेथील हवामानखाते दरवर्षी १५ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत ढगांवर बारीक लक्ष ठेवते आणि पुराचा धोका दिसताच इशारा देते. पाणी भरलेल्या रस्त्यावर मोटार घालू नये, माघारी वळावे, हे तेथे लोकांना वारंवार बजावले जाते.

पाऊस कोठून येतो, कसा येतो आणि ओढा केव्हा भरतो, हे ज्यांनी ओळखले, त्यांच्या शेतात त्या पाण्याने घेवडा पिकला. ज्यांनी कोरड्या पात्रावर विश्वास ठेवला, त्यांना त्याच पाण्याने वाहून नेले. वाळवंटातील पावसाळा लहान असतो. पण त्याच्याशी ओळख करून घेतल्यावाचून तेथे कोणालाच राहता येत नाही.