तुपाची शाई आणि मुक्ताबाईंचा निबंध

नाशकात छापखाना म्हटले की नाशिकरोडचा प्रेसच डोळ्यांपुढे येतो. १९२८ सालापासून तिथे नोटा छापल्या जातात, आणि आपल्या समाजातल्या कितीतरी घरांच्या चुली प्रेसच्या पगारावर पेटल्या. पण मराठी छपाईचा पाया कोणी घातला, असे आम्ही विहारातल्या मुलांना विचारले तेव्हा सगळी गप्प बसली. मुलांना कशाला बोल लावायचा? आम्ही स्वतः बी. कॉम. झालो, पण आम्हालाही हे कोणी शिकवले नव्हते.

मुंबईत गणपत कृष्णाजी नावाचे एक भंडारी गृहस्थ होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून आपणही छापावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पैसा नाही, यंत्र नाही. त्यांनी घरीच एक लाकडी यंत्र तयार केले, दगडाचा लहानसा तुकडा मिळवला आणि शाईही स्वतःच बनवली. ही शिळाछपाई. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटी अक्षरे काढायची, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट अक्षरावर तेवढी बसते. १८३१ साली त्यांनी मराठीतले पहिले छापील पंचांग काढले.

आपण पंचांग केव्हाच सोडले, तेव्हा त्याचे कौतुक आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण पुढची गोष्ट ऐका. शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्या मंडळींना छापील कागद हातात धरायला नको वाटे. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, आणि पंचांग त्यांच्या देवघरात गेले. शाईचा विटाळ तुपाने फिटला. आपल्या माणसाच्या सावलीचा विटाळ मात्र कोणत्याच तुपाने फिटत नव्हता! पुढे गणपत कृष्णाजींनी खिळ्यांची छपाईही सुरू केली. १८६० साली ते वारले.

त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागला होता. त्याच जावजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक अक्षरांतले संस्कृत ग्रंथ देशभर गेले. ज्या ग्रंथांवर मूठभरांचा हक्क होता, ते आता पैसे मोजील त्याला मिळू लागले.

पण आमचे मन रेंगाळते ते मुक्ताबाईंपाशी. मुक्ताबाई पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तीनच वर्षांचे शिक्षण. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’त दोन भागांत छापून आला. हे पत्रही त्याच अमेरिकन मिशनचे. वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही ते पाहायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल त्या पोरीने केला. तिची भाषा कोणी तुपात घोळली नव्हती.

हा निबंध आम्ही विहारात महिला मंडळापुढे वाचला. बिडीच्या कारखान्यात हयात घालवलेल्या एक आजी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ती पोर लिहील, हे खरं. पण छापणाऱ्यानं छापलं कसं?”

प्रश्न अगदी योग्य होता. छापखाना दुसऱ्याचा असला की छापायचे की नाही हे तोच ठरवतो. मुक्ताबाईंचा निबंध मिशनच्या पत्रात आला. १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. आणि ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. मुक्ताबाईंच्या निबंधाला तेव्हा पासष्ट वर्षे होत आली होती.

आजींना आम्ही निबंधाची झेरॉक्स दिली. त्यांना वाचता येत नाही; नात रोज एक परिच्छेद वाचून दाखवते.