पडद्यावरचा पिवळेपणा

‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनचे कितीतरी जुने अंक आता पिवळे पडून ठिसूळ झाले आहेत आणि त्यांची मुखपृष्ठे स्कॅन करून जपण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. मीही ते करतो. या कामात कागदाच्या पिवळेपणापेक्षा मला संगणकाच्या पडद्याच्या पिवळेपणाची अधिक धास्ती वाटते.

त्याचे लक्षण ठरलेले आहे. फोटोशॉपमध्ये चित्र उघडले की पांढरा भाग पिवळसर दिसतो. तेच चित्र दुसऱ्या एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये स्वच्छ पांढरे दिसते. साहजिकच दोष फोटोशॉपच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ते फक्त मिळालेल्या माहितीवर विश्वास ठेवत असते.

चित्राच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल, हिरवा आणि निळा यांना सहसा प्रत्येकी ० ते २५५. पण २५५ म्हणजे नेमका किती गडद लाल, हे प्रत्येक पडद्यावर वेगळे ठरते. म्हणून पडद्याचा रंगस्वभाव सांगणारी एक छोटी फाइल संगणकात असते. तिला प्रोफाइल म्हणतात. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने तिचा सर्वमान्य नमुना ठरवला. फोटोशॉप ही प्रोफाइल वाचते आणि त्यानुसार आकडे बदलून पडद्याकडे पाठवते. अनेक साधे प्रोग्रॅम ती वाचतच नाहीत. आता समजा, प्रोफाइल सांगते की या पडद्याचा निळा फार प्रखर आहे, आणि तसे मुळीच नाही. फोटोशॉप निळा कमी करते आणि उरतो पिवळा. अशी चुकीची प्रोफाइल बहुधा मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर किंवा विंडोजच्या अपडेटबरोबर न विचारता आलेली असते.

तपासाचा माझा क्रम असा. सगळ्याच प्रोग्रॅममध्ये पिवळेपणा असेल, तर आधी ‘नाइट लाइट’ बंद आहे ना ते पाहावे. एकाच चित्रात असेल, तर दोष त्या चित्रात किंवा त्याला जोडलेल्या प्रोफाइलमध्ये शोधावा. फोटोशॉपमधल्या प्रत्येक चित्रात असेल, तर नव्या कोऱ्या पानावर तिन्ही रंगांचे आकडे १२८ ठेवून करडा भरावा. त्यात रंगाची झाक दिसली, तर ‘व्ह्यू’मधील ‘प्रूफ सेटअप’मध्ये ‘मॉनिटर आरजीबी’ निवडावे. तेथे पडद्याची प्रोफाइल बाजूला राहते. झाक गेली, तर संशयित सापडला.

मग विंडोजच्या ‘कलर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या मॉनिटरसाठी ‘एसआरजीबी’ ही प्रोफाइल जोडावी, ती डीफॉल्ट करावी आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावे. मात्र ही तात्पुरती मलमपट्टी आहे. अधिक रंग दाखवणाऱ्या, म्हणजे ‘वाइड गॅमट’ पडद्यावर तिने रंग भडक दिसतात. तेथे मॉनिटरच्याच मेन्यूत एसआरजीबी मोड असल्यास तो लावावा. खरा उपाय म्हणजे कलरीमीटर. पडदा अर्धा तास चालू ठेवून हे उपकरण काचेवर टेकवले की ते प्रत्यक्ष प्रकाश मोजते आणि त्याच पडद्याची प्रोफाइल तयार होते. पडद्याचा प्रकाश वयोमानाने बदलतो, म्हणून हे मोजमाप अधूनमधून पुन्हा करावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रोफाइल चुकीची असताना चित्राला काहीही झालेले नसते. बिघडलेले असते ते आपले पाहणे. पण त्या पिवळेपणाला उतारा म्हणून कोणी दीनानाथ दलालांच्या एखाद्या मुखपृष्ठात निळा मिसळला आणि फाइल साठवली, की दोष चित्रात कायमचा उतरतो. त्या एका पडद्यावर ते ठीक दिसेल, बाकी सगळीकडे दलालांची रंगसंगती निळसर होईल. कागदाचा चुरा झाल्यावर पुढच्या वाचकाला तेच दलालांचे रंग वाटतील. म्हणून मूळ स्कॅन, त्याला जोडलेल्या स्कॅनरच्या प्रोफाइलसह, हात न लावता वेगळा ठेवावा आणि दुरुस्ती नेहमी त्याच्या प्रतीवरच करावी, असा माझा आग्रह असतो.