टाळूतलं भोक बुजवायचं कशाने?

‘बाबा’ म्हणून पाहा. ओठ मिटतात, तोंडात हवा दाबली जाते आणि मग ती सुटते. टाळूला भोक असेल, तर हवा दाबलीच जात नाही. ती नाकात निसटते आणि ‘बाबा’चा ‘मामा’ ऐकू येतो. प्यायलेलं पाणीही नाकातून येतं.

कर्करोगामुळे वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला, की हे घडतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रातही अनेकांवर ही वेळ आली. तुमच्या नात्यातही कुणी असेल.

उपाय म्हणजे पोकळी बंद करणारी कवळी, ‘ऑब्च्युरेटर’. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने धातूच्या पत्र्याला स्पंज जोडून ती केली होती. आज पर्याय पुष्कळ आहेत. पण मोठा शत्रू तोच, वजन. खालच्या जबड्याची कवळी हिरडीवर टेकते, ही मात्र लटकते. तिचा बराचसा भार उरलेल्या दातांवर येतो.

समजा, पोकळीत बसणारा गोळा २० घनसेंटिमीटरचा आहे. भरीव केला तर:

• अ‍ॅक्रिलिक: सुमारे २४ ग्रॅम
• पीक (एक मजबूत प्लास्टिक): सुमारे २६ ग्रॅम
• टायटॅनियम: सुमारे ९० ग्रॅम
• कोबाल्ट-क्रोमियम: सुमारे १६५ ग्रॅम

म्हणून गोळा धातूचा करत नाहीत. धातू पातळ असूनही वाकत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग दातांना धरणाऱ्या सांगाड्यासाठी होतो. गोळा अ‍ॅक्रिलिकचा आणि शक्यतो पोकळ ठेवतात; पोकळी बंद करायला बाहेरचा आकार पुरतो, आतला भराव लागत नाही.

मग अ‍ॅक्रिलिकपेक्षा चिवट असलेलं पीक का नको? ते महाग आहे, शिवाय त्यावर नवा थर चिकटवणं अवघड जातं. आणि इथे थर चढवावेच लागतात, कारण शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने जखम आक्रसत असते आणि पोकळीचा आकार बदलत राहतो. अ‍ॅक्रिलिक दवाखान्यातच घासता येतं, त्यात भरही घालता येते. ते पडलं तर फुटतं, क्वचित कुणाला त्याची अ‍ॅलर्जी होते. पण दुरुस्त करता येतं.

सिलिकॉन मऊ असतं. ते पोकळीच्या कपारीत शिरून कवळी धरून ठेवतं. पण त्यावर कॅन्डिडा ही बुरशी सहज वाढते आणि कालांतराने ते अ‍ॅक्रिलिकपासून सुटू लागतं. त्यामुळे ते अधूनमधून बदलावं लागतं.

तेव्हा घरच्या कुणासाठी अशी कवळी करायची झाली, तर ‘सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं?’ एवढंच विचारून थांबू नका. वजन किती होईल, सहा महिन्यांनी आकार बदलला तर त्यातच दुरुस्ती होईल का, आणि रोज स्वच्छ कशी करायची, हेही विचारा. रुग्ण भारतात आणि तुम्ही परदेशात असाल, तर दुसरा प्रश्न आधी विचारा. त्या दुरुस्तीसाठी गाठायचा दवाखाना रुग्णाच्या गावाजवळ हवा.