रजेचे पंधरा दिवस आणि लेहचा रस्ता

मनालीहून निघून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरलं, की पुढे तांदी हे छोटं गाव लागतं. चंद्रा आणि भागा या नद्या इथे एकमेकींना मिळतात. इथल्या पेट्रोल पंपावरची पाटी वर्षानुवर्षं सांगत आली आहे, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. लेहला मोटरसायकलवरून जाणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या पाटीसमोर फोटो काढतो. हिशेब मात्र घरीच करून यायला हवा. साडेतीनशे सीसीची, तेरा लिटर टाकीची गाडी हमरस्त्यावर लिटरला तीस-पस्तीस किलोमीटर देते, म्हणजे कागदावर पेट्रोल पुरतं. तीच गाडी सामान लादून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, विरळ हवेत खिंडी चढू लागली आणि लिटरला पंचवीसवर आली, तर सव्वातीनशे किलोमीटरलाच टाकी कोरडी पडते. त्यामुळे पाच लिटरचा जादा साठा बरोबर हवाच, आणि तो पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये हवा. शीतपेयाच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरशेजारी लटकवून पाचशे किलोमीटर नेणं धोक्याचं आहे. कॅनही गळ्यापर्यंत भरू नये. उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि आतली वाफ फुगते.

पेट्रोलचा प्रश्न असा आकडेमोड करून सुटतो. गाडीचे बहुतेक प्रश्न तसेच सुटतात. पण मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरहून दर उन्हाळ्यात जे रायडर लेहकडे निघतात, त्यांची तयारी बहुधा गाडीपाशी सुरू होऊन गाडीपाशीच संपते. कोणते टायर, कोणती बॅग, कोणता जादा दिवा, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. दिवसांची वाटणी कशी करायची, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात येतो. खरं तर या प्रवासात सगळ्यात मोलाचं सामान तेच आहे: उंचीवर सावकाश चढण्यासाठी राखून ठेवलेले दिवस.

कारण साधं आहे. समुद्रसपाटीवर आणि पाच हजार मीटरवर हवेतलं प्राणवायूचं प्रमाण सारखंच, सुमारे २१ टक्के असतं. मात्र हवेचा दाब घटत जातो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी होतो. मनाली-लेह रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड तंगलांग ला सुमारे ५,३०० मीटरवर आहे. तिथे एका श्वासात पुण्याच्या तुलनेत जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक प्राणवायू मिळतो. शरीर याला सरावतं, पण त्याला वेळ लागतो. श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडं रक्तातला क्षार-आम्लाचा तोल नव्याने जुळवतात, आणि या सगळ्याला दिवस लागतात. व्यायामाने ही प्रक्रिया लवकर उरकत नाही. मॅरेथॉन धावणारा तरुणही सपाटून आजारी पडू शकतो. किंबहुना दम चांगला असल्यामुळे तो भराभर वर जातो आणि त्रास ओढवून घेतो.

वैद्यकीय संकेत असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नसावी. इथे महत्त्व झोपण्याच्या उंचीला आहे. दिवसा खिंड ओलांडून पुन्हा खाली येता येतं. रात्रभर वर पडून राहणं शरीराला जड जातं.

हा नियम मनाली-लेहच्या नकाशावर ठेवून पाहिला, की नेहमीची चूक लगेच दिसते. मनाली आहे साधारण २,०५० मीटरवर. अनेक वेळापत्रकांत दुसऱ्या रात्रीचा मुक्काम सरचूच्या तंबूंत असतो, आणि सरचू आहे सुमारे ४,३०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार मीटरची उडी! नकाशात सरचू बरोबर मध्यावर दिसतं, म्हणून ते सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात त्या तंबूंमध्ये डोकं धरून, उलट्या काढत, डोळा न लागता रात्र काढलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी लाचुलुंग ला आणि तंगलांग ला या दोन्ही खिंडी चढायच्या असतात. पुढचं पांग तर सरचूहूनही उंच.

त्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पाला, म्हणजे तीन हजार मीटरच्या आसपास, दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी गाडी काढून थोडं वर जाऊन यावं. मग एका पहाटे निघून बारालाचा ला, गाटा लूप्सची एकवीस वळणं, मोरे मैदान असं सगळं ओलांडत संध्याकाळपर्यंत लेह गाठावं. सव्वातीनशे किलोमीटरहून मोठा तो दिवस दमवतो, पण लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे झोप लागते. ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी श्रीनगरकडून चढावं, हे आणखी चांगलं. सोनमर्ग, कारगिल अशा पायऱ्यांनी उंची हळूहळू वाढते, झोजी ला ही खिंडही साधारण ३,५०० मीटरचीच आहे. जाताना श्रीनगर आणि येताना मनाली, असा फेरा शरीराला मानवतो.

लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस खारदुंग लाकडे फिरकू नये. लेहपासून ही खिंड जेमतेम चाळीस किलोमीटर, त्यामुळे मोह होतो. पण तेवढ्या अंतरात जवळजवळ १,८५० मीटर चढ आहे. (खिंडीतली पाटी बरीच वर्षं १८,३८० फूट सांगत होती. मोजणीत ती उंची सुमारे १७,५८० फूट भरते, आणि तीही काही कमी नाही.)

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न येणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं. ती दिसली की आणखी वर जायचं नाही, एवढं पथ्य पुरतं. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत पावलामागे पाऊल टाकता न येणं, ही लक्षणं मात्र फुफ्फुसात किंवा मेंदूला सूज आल्याची असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्या माणसाला ताबडतोब खाली न्यावं लागतं, तेही गाडी चालवू न देता. हे ठरवताना संकोच आड येतो. आपल्यामुळे गटाचा बेत बिघडेल म्हणून माणसं त्रास लपवतात. म्हणून निघण्यापूर्वीच सगळ्यांनी बसून कबूल करावं, की एकाने ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं तर बेत बदलेल आणि कुणी तोंड वाकडं करणार नाही. लेहमधलं सोनम नोर्बू मेमोरियल रुग्णालय असे रुग्ण नेहमी पाहतं. गटातल्या प्रत्येकाला ते कुठे आहे हे ठाऊक असावं. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, या गोळीने शरीर लवकर सरावतं हे खरं, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला जावं लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण वर्ज्य.

आता रजेचा हिशेब. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. रोज पाचशे धरले तरी चार दिवस जायला, चार यायला. पंधरा दिवसांच्या रजेतले आठ दिवस महामार्गावर गेले, तर डोंगरात सात उरतात, आणि मग सरचूची ती रात्र वेळापत्रकात येऊन बसते. जून महिन्यात राजस्थानच्या उन्हात जाकीट घालून गाडी हाकताना जी ताकद जाते, ती वेगळीच. घरापासून घरापर्यंत स्वतः गाडी चालवण्याची हौस समजण्यासारखी आहे. पण रजा मोजकी असेल तर गाडी रेल्वेने चंदीगड, दिल्ली किंवा जम्मूपर्यंत पाठवणं शहाणपणाचं. पार्सल कार्यालयात नोंदणी पुस्तिकेची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे काढून सॅकमध्ये ठेवावेत. स्वतः पोहोचण्याच्या काही दिवस आधी गाडी रवाना करावी, कारण पार्सल त्याच दिवशी मिळेल याची खात्री नसते.

गाडी कोणती, या प्रश्नावर इतकं बोललं जातं की इथे थोडक्यात पुरे. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, नंतर हीरोची एक्सपल्स आली, आणि अशा रस्त्यांसाठीच घडवलेल्या गाड्या आवाक्यात आल्या. पण त्याआधीही लोक बुलेटवर, पल्सरवर जात होते, आजही शंभर सीसीच्या गाड्या त्या खिंडी ओलांडतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळजवळ उरला नाही. इंधन इंजेक्शनची गाडी विरळ हवेनुसार पेट्रोल आपोआप कमी करते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी मात्र उंचीवर काळा धूर सोडते, गुदमरते. ताकद दोन्हींची घटते, हे गृहीत धरावं आणि मागे माणूस बसवून वर दोन बॅगा लादण्याआधी विचार करावा.

सर्व्हिसिंगबद्दल जुने मेकॅनिक एक गोष्ट आवर्जून सांगतात: ते निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. पंधरा-वीस दिवस आधी करावं आणि मग चार-पाचशे किलोमीटर गाडी पळवावी, कारण सैल राहिलेला नट किंवा चुकीचा ताणलेला क्लच तेव्हाच कळतो. ही चाचणी पूर्ण सामानासह घ्यावी. पुण्याहून ताम्हिणीने कोकणात उतरून पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला चढलं, की ब्रेक, क्लच आणि बॅगांचे पट्टे या तिन्हींची परीक्षा होते. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब, साखळीचं तेल, खाली आणि जितक्या पुढे ठेवता येतील तितक्या पुढे. मागच्या कॅरिअरवर डोंगर रचला तर पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर गाडी भरकटते. लवचिक दोरीचा सुटलेला हूक मागच्या चाकात अडकून अपघात होऊ शकतो, म्हणून सपाट पट्टे बरे.

क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या जादा केबल बरोबर नेताना अनुभवी रायडर त्या बॅगेत ठेवत नाहीत. चालू केबलच्या शेजारीच नवी केबल टाकून, प्लास्टिकच्या बंधांनी बांधून ठेवतात. बारालाचाच्या वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना टाकी उचलून केबल ओवत बसावं लागत नाही, दोन्ही टोकं बदलली की काम भागतं. पंक्चरचंही तसंच. गाडीला ट्यूब असेल तर चाक काढणं, टायर लिव्हरने टायर उघडणं, ट्यूब न चिमटता परत बसवणं, हे सगळं घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने निदान दोनदा करून पाहावं.

रस्त्यावर खरी कसोटी लागते ती नाल्यांपाशी. डोंगरावरचं बर्फ दिवसा वितळतं आणि दुपारनंतर तेच पाणी रस्त्यावरून धो-धो वाहतं. सकाळी घोट्याइतका असलेला नाला चार वाजता गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून पहाटे निघायचं आणि मोठे नाले दुपारच्या आत मागे टाकायचे. आधी चालत जाऊन किंवा दुसऱ्याची गाडी जाताना पाहून वाट ठरवावी, मग पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबला तर गाडी थांबते आणि गोट्यांवर पाय टेकत नाही.

कपड्यांत थर महत्त्वाचे, आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच. हेल्मेटवर तडजोड नको. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के होती. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. तरीही जिस्पानंतर लांबच लांब पट्ट्यात फोन मुका असतो. घरी ते आधीच सांगून ठेवावं. रोख रक्कम बाळगावी. पँगाँग, नुब्रा यांसारख्या सीमेकडच्या भागांचे परवाने आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात, ते लेहच्या प्रशासनाकडून निघण्याआधी पाहून घ्यावेत.

महिना निवडायचा झाला तर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीपर्यंतचा रस्ताच बेभरवशाचा असतो. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुल्लू-मनाली महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला होता. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्येच ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक जीव गेले. सप्टेंबरात पाऊस सरतो, नाले उतरतात, थंडी मात्र वाढते.

कोणताही महिना असला तरी दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत आणि ते कुठल्याही ठिकाणाच्या नावावर लिहू नयेत. दारचा गावापुढे दरड कोसळली, तर सीमा सडक संघटनेचे कामगार रस्ता मोकळा करेपर्यंत केलाँगला थांबणं हाच मार्ग असतो. ज्याच्याकडे ते दोन दिवस नाहीत, तो मग रात्री गाडी दामटतो, आणि अपघात तिथेच होतात. परतीला वेळ कमी पडू लागला तर लेहहून मालवाहतूकदारांच्या ट्रकवर गाडी चढवून स्वतः विमानाने येता येतं. त्यासाठी टाकी रिकामी करावी, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, पावती घ्यावी, आणि किल्ली देण्याआधी सुटी होणारी प्रत्येक वस्तू काढून सामानात भरावी.