दंड सरकारजमा, तुमचं नुकसान कोण भरणार?

सिमेंटच्या भावात संगनमत केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये अकरा कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अशी बातमी वाचली की घर बांधलेल्या माणसाला वाटतं, आपले थोडेफार पैसे आता परत मिळतील. पण दंडाचा पैसा भारताच्या संचित निधीत जातो. ज्याने महाग पोतं विकत घेतलं त्याच्या हाती त्यातली दमडीही येत नाही.

भरपाईची वाट वेगळी आहे. स्पर्धा कायद्याचं कलम ६१ दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करतं. अर्ज करायचा तो कलम ५३-एन खाली, राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे. तोही आयोगाने किंवा न्यायाधिकरणाने कायदाभंग झाल्याचं ठरवल्यानंतरच. खरी गोम इथेच आहे. सिमेंट प्रकरणातला आदेश २०१५ मध्ये सुनावणीतील त्रुटीमुळे रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने तो कायम केला, मग कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निष्कर्षच अपिलात अडकला असेल तर त्यावर उभा असलेला भरपाईचा अर्ज पुढे कसा सरकणार?

‘हा मोठ्या कंपन्यांचा आपसातला खेळ, सामान्यांचा काय संबंध?’ हा समजही चुकीचा. कलम ५३-एन मध्ये केंद्र व राज्य सरकार, स्थानिक प्राधिकरण, उद्योग आणि कोणतीही व्यक्ती, सगळे आहेत. एकाच प्रकारचं नुकसान झालेले अनेक जण, न्यायाधिकरणाच्या परवानगीने, एकत्र अर्ज करू शकतात. पुण्याचं उदाहरण घ्या. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबद्दल शहरातल्या एका नागरिक संघटनेने तक्रार केली. ठरलेल्याला काम मिळावं म्हणून बाकीच्यांनी नावापुरत्या निविदा भरल्याचं आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. अशा प्रकरणात नुकसान होतं ते पालिकेच्या तिजोरीचं, म्हणजे करदात्यांचं. भरपाई मागण्याचा हक्कही पालिकेलाच.

कबुली देऊन दंडात सवलत मिळवली की कंपनी सुटली, असंही मानलं जातं. सवलत दंडापुरती असते. आयोगाशी तडजोड करणाऱ्या कंपनीकडेही, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, भरपाई मागता येते.

मात्र कायदाभंग सिद्ध झाला म्हणजे भरपाईचा आकडा सिद्ध झाला, असं नाही. संगनमत नसतं तर भाव किती असता, हे अर्जदाराला दाखवावं लागतं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. बिल्डरने महाग सिमेंटचा भार फ्लॅटच्या किमतीत घातला असेल तर नुकसान कोणाचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये संघीय कायद्याखाली अशा अप्रत्यक्ष ग्राहकाला बहुतांशी बाहेर ठेवलं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने त्याला हक्क दिला. आपल्या कायद्याने या प्रश्नाचं थेट उत्तर दिलेलं नाही. आणि अमेरिकेसारखी तिप्पट भरपाई इथे नाही. जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच.

माझ्या मते हक्क चांगला आहे, पण रस्ता इतका लांब ठेवला आहे की बहुतेक जण निघतच नाहीत. ज्यांना निघायचं आहे त्यांनी, विशेषतः पालिका आणि जिल्हा परिषदांनी, निविदांच्या फायली, दरपत्रकं आणि बिलं भरपाईचा निकाल लागेपर्यंत रद्दीत घालू नयेत.